हजेरीपटावरचे नाव



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते आपल्याच गावात, आपल्याच पेठेत राहणाऱ्या माणसांविषयी. मुसलमान समाजाच्या श्रद्धा काय आहेत, त्यांचे रीतिरिवाज कोणते, आणि आजच्या समाजात त्यांना जी वेगळी वागणूक सोसावी लागते ती कोणत्या वाटेने येते, असा हा विषय आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी त्याला एकाच टोकाने हात घालणार आहे. ते टोक म्हणजे माणसाचे नाव.

माणूस दारात येण्याआधी त्याचे नाव पोचते. शाळेच्या हजेरीपटावर, नोकरीच्या अर्जावर, भाड्याच्या खोलीसाठी केलेल्या फोनवर आधी नाव वाचले जाते, आणि माणूस मागाहून दिसतो. नाव ऐकताच आपल्या मनात काही चित्रे उभी राहतात. ती चित्रे खरी की ऐकीव, हे आपण तपासून पाहतो का? आज हे तपासण्याचे काम आपण मिळून करू या. मी स्वतः मराठी शाळेत उभी हयात शिक्षकी केलेला मुसलमान मास्तर आहे. तेव्हा दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत, असे समजा.

प्रथम नावाचाच अर्थ पाहू. आपल्या वर्गात अब्दुल करीम नावाचा मुलगा असला तर आपण त्याला सरसकट ‘अब्दुल’ म्हणून हाक मारतो. वस्तुतः ‘अब्दुल’ हे पुरते नावच नव्हे. अब्द म्हणजे सेवक, आणि करीम हे ईश्वराचे एक नाव, अर्थ उदार किंवा दयाळू. अब्दुल करीम म्हणजे दयाळू परमेश्वराचा सेवक. आपल्याकडे रामदास, शिवदास अशी नावे असतात ना, तशातलेच हे. रामदासाला कोणी नुसते ‘चा दास’ म्हणून हाक मारील का? आणि अलीकडे तर हे अर्धे नाव टवाळीसाठी वापरण्याची चाल पडली आहे. वर्गात बसलेल्या मुलाला ती टवाळी कळते, बरं का. तो बोलत नाही, एवढेच.

आता श्रद्धेकडे वळू. इस्लामची मुख्य आचारसूत्रे पाच. पहिले कलमा, म्हणजे ईश्वर एकच आहे आणि मुहम्मद पैगंबर हे त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष. दुसरे नमाज, दिवसातून पाच वेळची प्रार्थना. तिसरे रोजा, म्हणजे रमजान महिन्यातला उपवास. चौथे जकात, आणि पाचवे हज, म्हणजे ऐपत असेल आणि शरीर साथ देत असेल तर आयुष्यात एकदा मक्केची यात्रा.

ह्यांतल्या जकातीविषयी शेतकरी बांधवांना मुद्दाम सांगतो. जकात म्हटले की तुम्हांला नाक्यावरचा कर आठवेल. ही जकात तशी नव्हे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेपलीकडच्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभराला अडीच रुपये, गरिबांसाठी काढायचा, असा तो नियम आहे. शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि स्वतः पाणी ओढून, कष्टाने व खर्चाने भिजवलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. ज्याने मोटेचे पाणी पाजले त्याच्यावरचा भार निम्मा केला, ह्यामागचा विचार खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट पंचांगाची. ‘तुमची ईद दर वर्षी मागे मागे कशी सरकते हो?’ असे मला पुष्कळांनी विचारले आहे. उत्तर सोपे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी कमी भरते. आपल्या मराठी पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत, परंतु आपण अधिक मास धरून ती तूट भरून काढतो. इस्लामी पंचांगात अधिक मास नाही. म्हणून रमजान महिना सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. २०१६ साली तो जून महिन्यात सुरू झाला होता. २०२५ साली तो मार्चमध्ये आला. माणसाला आयुष्यात थंडीतले छोटे रोजेही मिळतात आणि उन्हाळ्यातले लांब रोजेही मिळतात. ईदची सुटी आदल्या रात्रीपर्यंत पक्की नसते, ह्याचे कारणही चंद्रदर्शनच. त्यात कोणाचा हट्ट नाही.

सणांविषयी एक खुलासा करायला हवा. रमजान संपल्यावर येते ती ईद-उल-फित्र. त्या दिवशी नमाजाला जाण्याआधी गरिबांच्या वाट्याचे धान्य किंवा पैसे द्यायचे असतात. त्याला फित्रा म्हणतात. दुसऱ्याच्या घरी चूल पेटल्याशिवाय आपला शिरखुर्मा गोड मानायचा नाही, अशी ती शिकवण आहे. बकरी ईदच्या कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याचा रिवाज आहे. एक घरचा, एक आप्तेष्टांचा आणि एक गोरगरिबांचा. मोहरम मात्र आनंदाचा सण नव्हे. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हजरत हुसेन मारले गेले, त्याची ती आठवण आहे. तेव्हा मोहरमच्या दिवशी कोणी ‘शुभेच्छा’ दिल्या, तर देणाऱ्याचा हेतू चांगला असूनही ऐकणारा गोंधळून जातो.

घरातले संस्कारही थोडक्यात सांगतो. मूल जन्माला आले की त्याच्या कानात अजानचे शब्द म्हणतात. सातव्या दिवशी जावळ काढण्याचा व नाव ठेवण्याचा रिवाज आहे. निकाह हा करार आहे. त्याला वधूची संमती लागते, साक्षीदार लागतात आणि नवऱ्याने बायकोला द्यावयाची मेहेरची रक्कम ठरवावी लागते. ती रक्कम तिची स्वतःची असते. मृत्यूनंतर देहाला आंघोळ घालून पांढऱ्या शिवणरहित कापडात गुंडाळतात, आणि राजा असो की हमाल, कापड तेच.

पण श्रोतेहो, हे सगळे पुस्तकातले झाले. प्रत्यक्षात मुसलमान माणूस ज्या मातीत राहतो त्या मातीचा होतो. आमच्या दख्खनमध्ये लग्नात हळद लागते, आणि नवरीच्या गळ्यात काळी पोत पडते. कोकणातल्या मुसलमानांची आडनावे पाहा. दलवाई, परकार, मुकादम, तुंगेकर. घाटावर पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावे मुसलमानांतही सापडतात. धंद्यावरून ओळखली जाणारी घरे तर तुमच्या रोजच्या व्यवहारातली आहेत. पान-तंबाखूचा तांबोळी, फळांचा बागवान, अत्तर-काजळाचा आतार, बांगड्यांचा मणियार, कापूस पिंजणारा पिंजारी, हत्यारांना धार लावणारा शिकलगार आणि गावगाड्यातला मुलाणी. ह्यांच्याशिवाय जुने गाव पुरे होत नव्हते.

मिरजेच्या शिकलगारांची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. हत्यारांची कामे करणारी ही मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवू लागली. त्यांचे तंबोरे नि सतारी देशभर गेल्या. ह्या वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या भागातले शेतकरी पिकवतात. म्हणजे भोपळा शेतकऱ्याचा, कारागिरी शिकलगाराची, आणि त्यावर सूर लागतो तो कुठल्या तरी अभंगाचा. तसेच सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत घ्या. त्यांच्या मिरवणुकीत हिंदू मानकऱ्यांचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आणि भाषा? श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले. त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफाने मैदाने गाजवली ते शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे. संतसाहित्याचे आणि महानुभाव वाङ्‌मयाचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण हे १९९० साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के होती. त्याच जनगणनेत राज्यात उर्दू मातृभाषा सांगणारे लोक होते सुमारे ७५ लाख. उरलेल्यांच्या घरात काय बोलतात? कोणी मराठी, कोणी कोकणी, कोणी हिंदी. असे असताना ‘तुमचं मराठी फार छान आहे हो!’ असे म्हणून लोक आमचे कौतुक करतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु रत्नागिरीच्या माणसाला, ज्याच्या सात पिढ्या मराठीत रडल्या नि हसल्या, त्याला हे कौतुक ऐकून काय वाटत असेल? आपल्याच घरात कोणी पाहुणा म्हणून पाट मांडावा, तसे वाटते.

आता त्या ऐकीव चित्रांकडे येतो. पहिले चित्र चार बायकांचे. मुसलमान म्हटला की चार लग्ने, असे सर्रास बोलले जाते. १९६१ च्या जनगणनेतली माहिती १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या सरकारी समितीच्या अहवालात आली. तीत एकाहून अधिक बायका असलेल्या विवाहांचे प्रमाण मुसलमानांत शेकडा ५.७ आणि हिंदूंत शेकडा ५.८ होते. पुढे शिक्षण वाढले आणि दोन्हीकडे हे प्रमाण पुष्कळ घटले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते मुसलमानांत शेकडा १.९ आणि हिंदूंत शेकडा १.३ आढळले. मुसलमानांत आज ते थोडे अधिक आहे, हे मी लपवत नाही. परंतु शंभरातल्या दोघांवरून अठ्ठ्याण्णवांना ओळखायचे, हा कुठला हिशेब?

दुसरे चित्र मुलांच्या संख्येचे. १९९२-९३ च्या पाहणीत मुसलमान स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत होती आणि हिंदू स्त्रीला ३.३. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २.४ आणि १.९ वर आले. म्हणजे अंतर होते, आहे, पण ते झपाट्याने मिटत चालले आहे. मुलगी शाळेत गेली की घरातला पाळणा लांबतो, हे सर्व धर्मांत सारखेच दिसून आले आहे.

तिसरे चित्र मदरशाचे. मुसलमानांची मुले शाळेत जात नाहीत, मदरशात जातात, असा समज आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर ह्यांच्या समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात आढळले ते असे : शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी शेकडा तीनच्या आसपास मुलेच मदरशात शिकत होती. खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती. सहा ते चौदा वर्षांच्या मुसलमान मुलांपैकी सुमारे पाव मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती, किंवा मध्येच गळली होती. म्हणजे आपण बोट दाखवत होतो मदरशाकडे, आणि मूल उभे होते गॅरेजमध्ये नाही तर मागावर. त्याच अहवालाने दाखवले की लोकसंख्येत मुसलमान शेकडा १३.४ असताना भारतीय प्रशासन सेवेत ते शेकडा तीनच होते. ह्या समाजावर एकाच वेळी दोन शिक्के मारले जातात, असेही समितीने नोंदवले. एक, ह्यांची निष्ठा संशयास्पद आहे. दुसरा, ह्यांचे फार लाड होतात. लाडावलेल्या लेकराच्या अंगावर एवढे फाटके कपडे कसे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, मुलं शिकली नाहीत तर नोकऱ्या कशा मिळणार? ह्यात भेदभाव कसला?’ प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी अभ्यासकांनी एक युक्ती केली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्या दोघांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या नोकऱ्यांच्या ज्या जाहिराती येतात, तशा ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. काही अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू नाव, काहींवर दलित ओळखू येईल असे नाव, काहींवर मुसलमान नाव. पदवी तीच असताना मुसलमान नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकाच भरला. दलित नावाचा भरला सुमारे दोन-तृतीयांश. लक्षात घ्या, अर्जदाराला कोणी पाहिलेलेच नव्हते. त्याची दाढी, त्याचा पोशाख, त्याचे बोलणे, काहीच नाही. कागदावरचे नाव तेवढे वाचले होते. म्हणजे शिकूनसुद्धा दार उघडत नाही. आणि थोरल्या भावाला पदवी घेऊन घरी बसलेला पाहिला की धाकट्याचे पुस्तकावरचे लक्ष उडते. शाळेतली गळती आणि नोकरीतला नकार ह्यांचा सांधा हा असा जुळतो.

घराचेही तसेच. दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांत अशीच एक पाहणी झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. भाड्याने घर हवे म्हणून वेगवेगळ्या नावांच्या माणसांनी फोन केले, समक्ष भेटी घेतल्या. उच्चवर्णीय नावाला घर जवळजवळ नेहमीच मिळत होते. मुसलमान नावाच्या साधारण तिघांपैकी एकाला मात्र सरळ नकार मिळाला. आणखी पुष्कळांना जादा भाडे, जादा अटी सांगण्यात आल्या.

मला स्वतःला ह्यासाठी पाहणीची गरज पडली नाही. एका तालुक्याच्या गावी बदली झाली तेव्हा मी खोली पाहायला गेलो. घरमालकीणबाई फार प्रेमळ होत्या. त्यांनी चहा दिला, विहिरीचे पाणी गोड आहे म्हणाल्या, मुलाला गणित शिकवाल का म्हणून विचारले. मग म्हणाल्या, ‘गुरुजी, नाव नाही विचारलं तुमचं.’ मी सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मालकांना विचारून कळवते.’ कळवणे आले नाही. त्या बाईंचा मला राग आला नाही. त्या वाईट नव्हत्या. शेजारी काय म्हणतील, ह्याचे त्यांना भय वाटले असावे. भेदभाव म्हटला की आपल्याला शिव्या, दगड असे काही दिसू लागते. पुष्कळदा तो असा हलक्या आवाजात, चहाचा कप पुढे करूनच होतो.

मग लोक म्हणतात, ‘हे आपली वेगळी वस्ती करून राहतात, मिसळत नाहीत.’ ठाण्याजवळचे मुंब्रा पाहा. मुंबईत १९९२-९३ साली भयंकर दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने त्यांत ९०० माणसे मेल्याची नोंद केली. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. त्यानंतर मिश्र वस्तीतली कित्येक मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला गेली. ज्याला एकीकडे भीती ढकलते आणि दुसरीकडे भाड्याने घर मिळत नाही, त्याने जायचे कुठे? जिथे आपलीच माणसे आहेत तिथे. पुढच्या पिढीतली मुले मग एकमेकांना ओळखेनाशी होतात. तुमच्या मुलाला मुसलमान मित्र नाही, आमच्या मुलाला हिंदू मित्र नाही. अशा जागी ऐकीव चित्रांचे पीक फार जोरात येते.

आता आमच्या घरातले दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर हे बोलणे एकांगी होईल. मुसलमानांतही उच्चनीच आहे. सय्यद-पठाणांच्या घरी पिंजाऱ्या-शिकलगाराची सोयरीक सहज होत नाही. स्त्रियांवर अन्याय होत आला आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई ह्यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो तोंडी तलाकाविरुद्ध. फक्त सात स्त्रिया! १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांना आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. तो खटला शायरा बानो ह्यांनी व इतर मुसलमान स्त्रियांनी लढवला होता. २०१९ साली तसा कायदाही झाला. म्हणजे सुधारणेची हाक घरातूनच उठली होती. ती अजून पुरी झालेली नाही, हेही खरे.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलतो. समाज सुधारल्याशिवाय खोली देणार नाही, असे म्हणणे न्यायाचे नाही. हुंडा बंद होईपर्यंत कोणी कुणाला नोकरी नाकारतो काय? आपले दोष प्रत्येक समाजाने घरात बसून निस्तरायचे असतात. आणि बाहेर दार बंद झाले की घरातल्या सुधारकाचा आवाज क्षीण होतो. ‘बघ, तुझ्या सुधारणेने तरी कुठे कोण जवळ करतंय?’ असे त्याला ऐकावे लागते.

कायदा काय सांगतो? राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद सांगतो की धर्म, जात, लिंग अशा कारणावरून शासनाने भेदभाव करू नये, आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते ह्यांवर कोणाला मज्जाव असू नये. सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत समान संधी देतो. पंचविसावा अनुच्छेद प्रत्येकाला आपला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. पण खाजगी घरमालकाने किंवा खाजगी कंपनीने नाव पाहून नकार दिला तर त्याला आळा घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे झालेला नाही. सच्चर समितीने त्यासाठी समान संधी आयोगाची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. म्हणून ही फट भरण्याचे काम निदान आज तरी तुमच्या-माझ्या वागणुकीवर येऊन पडले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ मी चार गोष्टी मागतो. पहिली, मुलाचे नाव पुरे आणि नीट उच्चारा. कळत नसेल तर त्यालाच विचारा. तो आनंदाने सांगेल. दुसरी, रमजानमध्ये एखाद्या मोठ्या मुलाने रोजा धरला असेल तर त्याला कवायतीच्या तासाला सावलीत बसू द्या, आणि लहान मुलाने हौसेने धरला असेल तर वर्गात त्याची चर्चा करू नका. वयात येण्यापूर्वी रोजा सक्तीचा नाही, हे त्याच्या आईबापांना माहीत असतेच. तिसरी, स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात दाढीटोपीवाला खलनायकच असतो, ही सवय सोडा. इतिहास शिकवताना अफजलखान मारला गेला की सगळा वर्ग मागे वळून एका मुलाकडे पाहतो. त्या वेळी शिवरायांच्या सैन्यात, आरमारात मुसलमान सरदारही होते, दौलतखान होता, हे सांगायला विसरू नका. तो इतिहास आहे, सोयीची भर नव्हे. चौथी, हुशार मुलगी आठवीत गळू लागली तर तिच्या घरी जा. तुमच्या एका फेरीने जे होते ते दहा परिपत्रकांनी होत नाही.

गावकरी मंडळींनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. मोबाईलवर एखादी बातमी आली की अमक्या गावात ‘त्यांनी’ असे केले, तर ती पुढे पाठवण्याआधी गावातल्या एखाद्या तांबोळ्याला, बागवानाला नाव घेऊन विचारा, ‘काय हो चाचा, हे खरं का?’ तो सांगेल. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. पण विचारण्याने गाव गावच राहते. आणि घर भाड्याने देताना, शेतावर माणूस लावताना, दुकानात पोरगा ठेवताना जे प्रश्न इतरांना विचाराल तेच त्याला विचारा. भाडे वेळेवर देशील का? काम येते का? हिशेबाला चोख आहेस का? ह्या प्रश्नांत तो नापास झाला तर खुशाल नकार द्या. त्याची तक्रार राहणार नाही.

माझ्या मुसलमान बांधवांनाही सांगतो. ईदला शेजाऱ्याला शिरखुर्मा पाठवतो तसा शेजाऱ्याच्या शंकेला उत्तरही पाठवा. विचारणाऱ्यावर चिडू नका. ज्याला विचारावेसे वाटते तो अजून जवळच आहे. मुलींना शिकवा, आणि एका नकाराने मुलाचे पुस्तक बंद होऊ देऊ नका.

जून महिन्यात शाळा उघडतील. नवे हजेरीपट आखले जातील. त्यांत कुठे सोनाली असेल, कुठे सुमय्या, कुठे जॉन, कुठे जुबेर. गुरुजी, बाई, पहिल्या दिवशी सगळ्यांची नावे सारख्याच आवाजात वाचा. मुले सारे तिथूनच शिकतात.